चांद्याचं लोखंड आणि मामाजींच्या जीपचा गंज

(हा आपल्या या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी उतारा. मागे ग्राइंडर चालू होता, त्यामुळे मधली काही वाक्यं नीट ऐकू आली नाहीत असं बऱ्याच जणांनी कळवलं. ती इथे सरळ करून लिहिली आहेत. दोन-तीन ठिकाणी थोडी भरही घातली आहे.)

आजचा एपिसोड घरून नाही, मूलवरून आहे. चंद्रपूर जिल्ह्यातलं मूल. मामाजींच्या अंगणात मोहाचं झाड आहे, त्याखाली एक जीप आहे, आणि त्या जीपखाली मी पाठीवर पडून हे रेकॉर्ड करतोय. तोंडावर अधूनमधून काहीतरी पडतं. ती माती आहे की गाडी, हे मला अजून सांगता येत नाही.

जीप १९६८ ची. महिंद्राची, उंच बॉनेटवाली सीजे-थ्री-बी. आधी सरकारी होती. नव्वदच्या दशकात मामाजींनी लिलावात घेतली. तेव्हा ते लाकडाच्या ट्रकवर होते, आलापल्लीहून बल्लारपूरकडे फेऱ्या असायच्या. गेली बारा वर्षं ती या झाडाखाली उभी आहे. वरून बघितलं तर बरी दिसते. खालून बघितलं की बोलती बंद होते.

पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहात सॅंडपेपर, रस्ट रिमूव्हरची बाटली, यूट्यूबवरचे सतरा व्हिडिओ, सगळं घेऊन आलो. मामाजींनी बघितलं आणि म्हणाले, "अबे पोट्ट्या, पहिले चिखल तं काढ. गंज मंग पाहू."

बरोबर होतं त्यांचं. चॅसिसच्या पोकळीतून, फ्लोअरच्या खालच्या पट्ट्यांतून मी दोन दिवस नुसता चिखल काढत होतो. घमेली भरली. काळी माती, लाल माती, धानाच्या बांधीतली चिकट माती, मधेच नदीची वाळू. आणि त्या मातीत मिसळलेले गंजाचे पापुद्रे, बिस्किटासारखे कुरकुरीत.

आता इथून आपला विषय सुरू होतो. मामाजींच्या ओसरीवर कित्येक वर्षांपासून एक दगड पडलेला आहे. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावतात तो. काळसर, आकाराच्या मानानं भलताच जड. तो लोहाऱ्याचा आहे. मूलच्या उत्तरेला, सिंदेवाहीच्या पलीकडे लोहारा नावाचं गाव आहे, नावातच लोह. मी गंमत म्हणून तो दगड फुटक्या कपाच्या खडबडीत तळावर घासला. गडद लाल रेघ उठली. मग गाडीचा पापुद्रा घासला. पिवळट तपकिरी रेघ.

दोन्ही एकच. जवळजवळ. दगड म्हणजे हेमटाइट, लोखंड आणि ऑक्सिजन यांचं संयुग. शुद्ध असेल तर वजनाच्या जवळपास ७० टक्के लोखंड. गंज म्हणजेही लोखंड आणि ऑक्सिजन, फक्त त्यात पाणी अडकलेलं असतं, म्हणून रंग पिवळट. भट्टीत दगडातला ऑक्सिजन जबरदस्तीनं काढून माणूस लोखंड करतो. नंतर लोखंडाला संधी मिळाली की ते हळूहळू परत दगड व्हायला लागतं. मामाजींच्या जीपला त्यासाठी पन्नासेक वर्षं मिळाली.

आणि लोहाऱ्याचा दगड अन् ही जीप, यांचं नातं केमिस्ट्रीपुरतं नाही. इतिहासातही एक धागा आहे, आणि तो शाळेच्या पुस्तकात येतो तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव गाळून येतो.

तर बघा. साल १८८२. जमशेटजी टाटा त्रेचाळीस वर्षांचे. नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती. म्हणजे विदर्भ त्यांना परका नव्हता. त्या वर्षी रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या हाती पडला. विषय: चांदा जिल्ह्यात लोखंडाचा कारखाना काढला तर परवडेल का. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर, आणि तेव्हाच्या चांद्यात आजचं गडचिरोलीही आलं, कारण गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो थेट २६ ऑगस्ट १९८२ ला. योगायोग बघा, बरोबर शंभर वर्षांनी. अहवालात म्हटलं होतं की लोहाऱ्याचं खनिज उत्तम आहे. आणि फार लांब नाही, वरोऱ्याला, कोळशाची सरकारी खाण होती.

लोखंड आहे, कोळसा आहे, रेल्वे वरोऱ्यापर्यंत आलेली आहे. अजून काय पाहिजे? जमशेटजींनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीला तपासायला पाठवला. उत्तर आलं: भट्टीसाठी बेकार. हा कोळसा जळतो, पण त्याचा चांगला कोक होत नाही, आणि कोकशिवाय मोठी भट्टी चालत नाही. त्यात सरकारचे खाणपट्ट्याचे नियम इतके जाचक की कोणी शहाणा माणूस पैसा लावणार नाही. विषय बंद. पण जमशेटजींच्या डोक्यातून काही गेला नाही.

सतरा वर्षांनी, १८९९ मध्ये, कर्झनच्या काळात खाणींचे नियम सैल झाले. जमशेटजी अमेरिकेला गेले, चार्ल्स पेज पेरिन या इंजिनिअरला गाठलं. पेरिनने आपला भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड हिंदुस्थानात पाठवला. आणि वेल्ड पहिल्यांदा कुठे गेला? आपल्याकडे. चांद्याच्या जंगलात. सोबत जमशेटजींचा मुलगा दोराबजी आणि भाचा शापुरजी सकलातवाला. हा सकलातवाला पुढे इंग्लंडमध्ये कम्युनिस्ट खासदार झाला, तो वेगळ्या एपिसोडचा माल आहे. बैलगाड्यांतून फिरले हे लोक. लोहारा बघितलं, आजूबाजूच्या टेकड्या बघितल्या. निष्कर्ष पुन्हा तोच: लोखंड आहे, पण मोठ्या कारखान्याला पुरेल एवढं एका जागी नाही, आणि कोळशाचा प्रश्न तसाच.

दोराबजी हे सांगायला नागपूरला सचिवालयात गेले. ज्यांना भेटायचं ते साहेब जागेवर नव्हते. वेळ काढायला म्हणून समोरच्या म्युझियममध्ये शिरले. तिथे भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भ नकाशा, आणि त्यात दुर्ग जिल्ह्यावर लोखंडाची गडद खूण. तिथून ते डल्ली-राजहराला गेले, तिथून पुढे प्रमथनाथ बोस यांच्या पत्रामुळे ओडिशातल्या मयूरभंजला. १९०७ मध्ये कंपनी झाली, साकचीला कारखाना झाला, साकचीचं जमशेदपूर झालं. आणि डल्ली-राजहराच्या खनिजावर पुढे भिलाई उभं राहिलं.

चांद्याला काय मिळालं? म्हटलं तर सुरुवातीच्या प्रकरणातला एक परिच्छेद. वरोऱ्याची ती खाणही १९०६ मध्ये बंद पडली. आज वरोरा म्हटलं की लोकांना आनंदवन आठवतं, कोळसा नाही.

आता थोडी उडी मारू. १९२९. टाटांच्या याच पोलाद कंपनीच्या विक्री विभागात एक पंजाबी गृहस्थ लागले, जगदीशचंद्र महिंद्र. दहा-अकरा वर्षं त्यांनी टाटांचं पोलाद विकलं. दुसऱ्या महायुद्धात सरकारने त्यांना देशाचे पहिले स्टील कंट्रोलर नेमलं. त्यांचे भाऊ कैलासचंद्र युद्धाच्या काळात अमेरिकेत, हिंदुस्थान सरकारच्या खरेदी मिशनवर होते. तिथे त्यांनी विलीजची जीप बघितली. १९४५ मध्ये या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत मुंबईत कंपनी काढली: महिंद्र अँड मोहम्मद. धंदा? पोलादाचा व्यापार. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. आद्याक्षरं तीच राहिली, त्यामुळे लेटरहेडवरचं एम अँड एम बदलावं लागलं नाही म्हणतात. आणि चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीजच्या जीप जोडल्या जाऊ लागल्या.

म्हणजे बघा ना. चांद्याच्या दगडावरून टाटांना पोलादाची कल्पना सुचली, टाटांच्या पोलादावर एक माणूस तयार झाला, त्या माणसाच्या कंपनीने जीप आणली, आणि ती जीप फिरून चांद्याच्या जंगलात आली. मी असं म्हणत नाही की मामाजींच्या गाडीचा पत्रा टाटांचा आहे. ते मला सिद्ध करता येणार नाही. पण ही गाडी इथे परकी नाही, एवढं नक्की.

आणि आली ती कोणत्या जंगलात? जिथे सागाचे ओंडके ओढायला हत्ती होते. गडचिरोलीतला कमलापूरचा हत्ती कॅम्प तुमच्यापैकी कित्येकांनी रीलमध्ये बघितला असेल. ते हत्ती काही पर्यटनासाठी आणले नव्हते, ते वनखात्याचे कामगार होते. साहेब लोक घोड्यावर, नाहीतर बैलगाडीने. अशा ठिकाणी चारही चाकं फिरवणारी, नाल्यात उतरून पलीकडे निघणारी, बिघडली तर पान्हा आणि हातोडीवर दुरुस्त होणारी गाडी आली. वनखातं, आरोग्य खातं, महसूल, निवडणूक. युनिसेफने देशभरात आरोग्य केंद्रांना जीप दिल्या. भामरागडसारख्या ठिकाणी, जिथे पर्लकोटेला पूर आला की आजही गाव तुटतं, तिथे 'सरकार आलं' म्हणजे बहुतेक वेळा जीप आली असाच अर्थ होता. लस घेऊनही तीच आली आणि अतिक्रमणाची नोटीस घेऊनही तीच. आज ताडोबाच्या मोहर्ली गेटला जिप्सींची रांग दिसते ना, त्या रांगेची आजी म्हणजे ही गाडी.

बरं, परत गाडीखाली.

मीठ नाही, समुद्र नाही, मग चंद्रपुरात गाडी इतकी का गंजते? युरोप-अमेरिकेतले व्हिडिओ बघाल तर ते बर्फावर टाकलेल्या मिठाबद्दल बोलतात. आपला मामला वेगळा. मे महिन्यात इथे ४५-४६ अंश म्हणजे रोजचं. कोरडी हवा. तेव्हा गंज झोपलेला असतो. पण त्या उन्हात रंग तडकतो, रबर फुटतं, सांध्यातलं सीलंट चिरतं. मग जूनमध्ये पाऊस. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड भराभर गंजायला लागतं, आणि इथे जून ते सप्टेंबर ती त्याच्या खाली फारशी येतच नाही. उन्हाने पाडलेल्या चिरांतून पाणी आत शिरतं. त्यात चंद्रपूरच्या बाजूला औष्णिक वीज केंद्राची राख, कोळशाची धूळ, धुरातला गंधक. ओल्या धुळीत गंधक मिसळला की पातळ आम्लच तयार होतं. आणि या सगळ्यावर झाकण म्हणजे चिखल. चिखल सुकलेला दिसतो वरून. आत पंधरा-पंधरा दिवस ओल धरून बसतो.

म्हणून पहिलं काम खरंच चिखल. घरी करणार असाल तर प्रेशरवॉशर पाहिजेच असं नाही, पाइप आणि जुना पेचकस पुरतो. धुतल्यावर दोन दिवस कडक उन्हात वाळू द्या. गाडी वर घेताना फक्त जॅकवर विश्वास ठेवू नका, आणि विटांवर तर अजिबात नाही. वीट वरून भार घेते, पण एका बाजूला दाब आला की न सांगता फुटते. आम्ही चॅसिसखाली स्टँड लावले आणि शेजारी जाड लाकडाचे ठोकळे रचले. गाडीखाली झोपणारा मी आहे, म्हणून हे जरा जास्त सांगतोय.

मग ठोकणं. मामाजींकडे पेचकसाच्या मुठीने ठोकत जायची पद्धत आहे. चांगला पत्रा 'टण' वाजतो. कुजलेला 'भद' वाजतो. जिथे भद वाजलं तिथे टोक दाबायचं; आत गेलं तर तो भाग गेला. आमच्या गाडीचं चॅसिस जवळजवळ सगळं टण वाजलं, मागच्या टोकाचे दोन वीत सोडून. फ्लोअर मात्र, पुढे पाय ठेवायच्या जागी, दोन्हीकडे गेलेलं. आणि फ्लोअरखाली आडव्या पट्ट्या असतात, टोपीच्या आकाराच्या. बॉडीला ताठ ठेवतात त्या. त्यातल्या दोन नुसत्या नावाला उरल्या होत्या. युद्धकाळातल्या मूळ विलीजमध्ये या पट्ट्यांच्या आत लाकडाच्या पट्ट्या बसवलेल्या असत. लाकूड ओल धरायचं आणि पत्रा आतून खायचा. आमच्या गाडीत लाकडाचं काम चिखलाने केलं.

आणि इथे आमचं भांडण झालं.

मामाजी म्हणाले, कशाला ठिगळं लावतोस? पंजाब-हरियाणात, डबवालीच्या बाजूला, जीपच्या कोऱ्या बॉड्या बनवून मिळतात. ट्रकवर टाकली की आली. जुनी भंगारात दे. पत्रा नवा, रंग नवा, विषय संपला.

खरं सांगतो, हिशोबाने ते बरोबर होते. माझा वेळ धरला तर नवी बॉडी स्वस्त पडते. पण दोन गोष्टी होत्या. एक कायद्याची. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षं चालते. अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे. चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल करून मोठी उलथापालथ केलेली नको. मूळ रूपात दुरुस्त केलेला फ्लोअर आणि बाजारातून आणलेली अख्खी बॉडी, यात फरक आहे. (एक लक्षात ठेवा: विंटेज नोंदणी झाली की ती गाडी रोज बाजाराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच. हे मी मामाजींना दोन दिवसांनी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर त्यांनी मला घरी पाठवलं असतं.)

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. डाव्या बाजूचा रंग मी पाण्याच्या सॅंडपेपरने गोल गोल घासला, हळू, एका नाण्याएवढ्या जागेत. वर निळा, तो मामाजींचा. खाली हिरवा. त्याच्याखाली पांढरा. त्याच्याखाली पुन्हा हिरवा, वेगळा, जास्त काळपट. मग तांबडा प्रायमर, मग चमकणारा पत्रा. झाडाच्या खोडातली वर्तुळं असतात तसं दिसत होतं.

मामाजी चष्मा लावून बघत बसले. म्हणाले, "पांढरी होती म्हणजे दवाखान्याची असन. जंगलवाल्याईनं मंग घेतली असन." कागदावर यातलं काहीच नाही. आरसी बुकात आधीचा मालक म्हणून फक्त सरकारी खातं. जुन्या सरकारी गाड्यांची लॉगबुकं मुदत संपली की रद्दीत जातात. म्हणजे ही गाडी कधी कोणत्या कामाला होती, याचा उरलेला एकमेव पुरावा त्या नाण्याएवढ्या जागेत होता. आणि आपण तो भंगारात टाकायला निघालो होतो.

अशा गाड्या आता बाहेर येणारही नाहीत. जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही, आणि त्यांची विल्हेवाट अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रातच लावायची आहे. प्रदूषणाच्या दृष्टीने ते योग्य आहे, मला त्याबद्दल तक्रार नाही. पण एखाद्या तहसीलच्या मागे गवतात उभी असलेली जीप लिलावात घ्यायची आणि घरी आणून खरवडायची, ही गोष्ट संपली. जे काही बाहेर उरलंय ते अंगणातच उरलंय.

मामाजी काही बोलले नाहीत. संध्याकाळी चहा पिता पिता म्हणाले, "वीस गेजचा पत्रा लागन. उद्या चंद्रपूरले जातो." एवढंच.

आता काम कसं केलं ते सांगतो, कारण मेसेजमध्ये सगळ्यात जास्त तेच विचारता.

सुटे लहान भाग, म्हणजे ब्रॅकेट, नट-बोल्ट, बिजागऱ्या, यांना आम्ही बादलीत टाकलं. पाणी, धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर. भाग निगेटिव्हला, लोखंडाचा फालतू तुकडा पॉझिटिव्हला. रात्रभर बुडबुडे, सकाळी गंज काळ्या साईसारखा सुटून येतो. हे मोकळ्या हवेतच करा, हायड्रोजन निघतो. आणि पॉझिटिव्हला स्टीलचा चमचा लावू नका. स्टेनलेसमधून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. मामींनी आधीच सांगून ठेवलं होतं की तिच्या चमच्याला कोणी हात लावायचा नाही. विज्ञान आणि मामी, दोघांचं एकमत.

मोठे भाग वायर ब्रशने. सॅंडब्लास्टिंग चॅसिसला चालतं, पण बॉडीचा पातळ पत्रा त्याने लाटेसारखा वाकतो. ब्रशने जे निघत नाही, खड्ड्यात बसलेलं असतं, त्याच्यावर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर. ते गंजाला काळ्या, घट्ट फॉस्फेटमध्ये बदलतं. इथे मला दिल्लीचा लोहस्तंभ आठवला. सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास केला होता. त्यांचं म्हणणं, जुन्या कोळशाच्या भट्टीतल्या लोखंडात फॉस्फरस जास्त राहायचा, आणि त्यामुळेच पृष्ठभागावर फॉस्फेटचा एक पातळ, राखणारा थर तयार झाला. आधुनिक पोलादातून फॉस्फरस काढून टाकतात, कारण तो पोलादाला ठिसूळ करतो. म्हणजे कारखान्यात काढून टाकलेली गोष्ट आपण बाटलीतून आणून परत लावतो. चांद्यातही गावोगावच्या छोट्या भट्ट्यांत, लाकडी कोळशावर, लोखंड गळायचं. विलायतेचं स्वस्त लोखंड आलं आणि त्या विझल्या.

वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी. या जीपमध्ये ती ड्रायव्हरच्या सीटखाली असते, म्हणजे आपण जो फ्लोअर वेल्ड करणार त्याच्या बरोबर वर. 'रिकामी आहे' हे ऐकून ठिणगी पाडू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक. आम्ही टाकी काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याने भरून ठेवली.

कुजलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा. हात आखडता घेतला तर वेल्डिंग धरतच नाही, पत्रा वितळून भोक मोठं होत जातं. मग पुठ्ठ्याचा साचा, त्यावरून पत्रा कापायचा, हातोडी आणि डॉलीने आकार द्यायचा. गावातल्या डेंटरने वेल्डिंग केलं, गॅसने नाही, सीओटूने, म्हणजे पत्रा कमी तापतो. सलग ओळ नाही मारायची. एक टाका इथे, एक टाका हातभर लांब, मधे थंड होऊ द्यायचं. दोन टोपीपट्ट्या नव्या वाकवून घेतल्या, खाली पाणी निघायला भोकं ठेवून. मूळ गाडीला तशी भोकं असती तर आपण इथे नसतो कदाचित.

लांबी कमीत कमी भरा. लांबी पाणी शोषते. भोकावर जाळी लावून वर लांबी थापणं, हे बऱ्याच 'रिस्टोअर' केलेल्या गाड्यांचं गुपित आहे. वरून आरसा, आतून पुन्हा गंज.

मग प्रायमर. इथे मी हसलो. आपला नेहमीचा रेड ऑक्साइड, त्याचा तो तांबडा रंग कशाचा? लोखंडाच्या ऑक्साइडचा. लोहाऱ्याच्या दगडातलाच पदार्थ, दळून तेलात कालवलेला. गंजू नये म्हणून लोखंडाला गंजासारखाच रंग लावायचा! अर्थात खरं राखणदारीचं काम त्यातला झिंकचा घटक करतो, आणि जुन्या रेड ऑक्साइडमध्ये झिंक क्रोमेट असायचं, ते विषारी. जुन्या रंगात शिसंही असू शकतं. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, पाण्याने घासा, मास्क लावा, लहान पोरं लांब ठेवा.

खालच्या बाजूला सगळेजण डांबर मारायला सांगतात. मी मारलं नाही. डांबराचा थर उन्हात तडकतो, मग पाणी चिरेतून आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. वरून काळंभोर दिसतं, आत पत्रा संपतो. आम्ही खाली एपॉक्सी प्रायमर आणि रंग दिला, आणि चॅसिसच्या पोकळीत पातळ मेणाचं द्रावण फवारलं. मामाजींची पद्धत जळकं ऑइल चोपडायची. चालते ती, खोटं कशाला बोलू, त्यांच्या ट्रकच्या चॅसिस त्यावर टिकल्या. पण ते ऑइल पावसात विहिरीच्या बाजूला वाहत जातं. यावर आमचा तह झाला नाही.

काल सुरजागडच्या बाजूने येणाऱ्या ओळखीच्या ड्रायव्हरने घरासमोर ट्रक थांबवला. बंपरपासून टपापर्यंत लाल धूळ. एटापल्लीतली ती टेकडी, जिथे ठाकूरदेवाची यात्रा भरते, तिथलं खनिज आता रोज बाहेर जातंय, आणि त्यावरून गावागावांत, ग्रामसभांत, कोर्टात वाद चालू आहेत. तो स्वतंत्र एपिसोड आहे, घाईत उरकण्यासारखा नाही. ड्रायव्हर जीपखाली वाकून बघून म्हणाला, "काका, हा तर आमचाच माल तुमच्या गाडीतून सांडून रायला."

वरच्या रंगाचं अजून ठरलेलं नाही. मामाजींना निळाच पाहिजे. मला सगळ्यात खालचा तो काळपट हिरवा हवाय. डाव्या बाजूचं ते नाण्याएवढं वर्तुळ मात्र तसंच ठेवायचं, त्यावर फक्त पारदर्शक लॅकर मारायचा, हे पक्कं झालंय. त्याचा फोटो खाली टाकलाय. तुमच्याकडे, तुमच्या गावात अशी जीप उभी असेल तर एवढंच करा: रंगाचा एक कोपरा पाण्याने घासून फोटो पाठवा, गाडी कुठली आणि लिलावात कधी घेतली ते लिहा. थर मोजून सांगा. पुढच्या महिन्यात त्यावरच बसू.

चला, मामी जेवायला बोलावतायत. हात धुवायला केरोसीन लागणार.